बेक्ड पास्ता कोरडा का पडतो?

ताई, नमस्कार. मी नागपूरला महाल भागात राहते. घरी सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुली. दिवाळीत नणंदेकडचे सगळे आले होते तेव्हा व्हिडिओ पाहून भाज्यांचा बेक्ड पास्ता केला. मोठ्या हौसेनं केला आणि पार फसला. ओव्हनमधून निघाला तो सुरीनं कापावा लागला. क्रीमी म्हणतात तसं काहीच नाही. वर तेलाचा तवंग आणि तळाशी भाज्यांचं पाणी. सासूबाईंनी दोन घास खाल्ले आणि म्हणाल्या, "पीठ कच्चं राहिलं वो बाई." बाकीचे काही बोलले नाहीत, पण अर्धं भांडं तसंच राहिलं. मी टोमॅटो, पत्ताकोबी, गाजर आणि शिमला मिरची घातली होती, चीज भरपूर होतं, पाऊण तास 180 वर ठेवला होता. आता फेब्रुवारीत धाकटीचा वाढदिवस आहे, पंधरा माणसं होतील. मोठी म्हणते, आई, तू नको करू, बाहेरूनच मागवू. ते मनाला लागलं. मला घरीच करायचा आहे. या वेळी फ्रेश क्रीमचे दोन पॅक घालू का? सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत, त्यांनाही खाता येईल असं सांगा. घरी लहान ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे.

— एक वाचक, महाल, नागपूर

नमस्कार ताई,

क्रीमचे पॅक आणू नका. तुमच्या पास्त्यात क्रीम कमी पडलं नव्हतं, दूध कमी पडलं होतं. तुम्ही इतकं नीट लिहिलंत की भांडं समोर ठेवल्यासारखं दिसलं, म्हणून खात्रीनं सांगते.

उकडलेला पास्ता पाणी पिऊन तृप्त झाला असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. सॉसमध्ये घातल्यावर तो सॉसमधलं दूध ओढत राहतो, ओव्हनमध्ये तर जास्तच. शिवाय वरच्या उघड्या भागातून वाफ जाते ती वेगळी. म्हणजे गॅसवर जो सॉस छान दाट दिसतो, तो पाऊण तासानं सॉस राहतच नाही, त्याची वडी होते. तेलाचंही तेच. दुधातलं पाणी पास्त्यानं ओढून घेतलं, उरलेलं उडून गेलं, की लोण्यातली आणि चीजमधली चरबी धरून ठेवायला काही शिल्लक राहत नाही. ती सुटते आणि वर येते. त्यात आणखी क्रीम घातलं असतं तर तवंग वाढला असता, एवढंच.

म्हणून पहिली गोष्ट ही लक्षात ठेवा: सॉस गॅसवरून उतरवताना आपल्या कढीगोळ्यांच्या कढीइतका पातळ हवा. बघून धीर सुटेल इतका पातळ. पास्ता, भाज्या, सॉस एकत्र करून भांड्यात ओतलं की भांडं थोडं तिरकं करा. खालच्या कोपऱ्यात सॉस वाहत जाऊन जमला पाहिजे. नाही जमला तर अर्धी वाटी गरम दूध घाला आणि पुन्हा बघा. एवढी एक परीक्षा केलीत तरी सुरी लागणार नाही.

आता सासूबाईंचं बोलणं. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण ते खरं माना. दोन घासांत त्यांनी नेमकी चूक सांगितली. मैदा लोण्यात नीट भाजला गेला नाही, किंवा दूध घातल्यावर सॉस पुरेसा उकळला नाही, तर जिभेला पिठाची चव येते आणि कितीही चीज घातलं तरी ती झाकली जात नाही. ज्यांनी जन्मभर लाडवांसाठी बेसन भाजलं त्यांना पिठाचा कच्चा वास लांबूनही कळतो. तुम्ही एक करा, सॉस करायला घ्याल तेव्हा त्यांना गॅसजवळ बोलवा आणि विचारा, आई, आता झालं का? मी हे समजूत काढायला सांगत नाही. या पदार्थातलं सगळ्यात नाजूक काम मैदा भाजण्याचं आहे आणि तुमच्या घरात त्यातलं जाणकार माणूस आहे.

पंधरा माणसांसाठी, सोबत आणखी दोन-तीन पदार्थ असतील असं धरून, 500 ग्रॅम पास्ता पुरतो. त्याला दीड लिटर दूध, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तीन पिशव्या. लोणी 80 ग्रॅम, मैदा 70 ग्रॅम, म्हणजे सपाट आठ मोठे चमचे. चीज एकूण 300 ग्रॅम आणि चिरलेल्या भाज्या पाऊण किलो. दूध फुल क्रीमचं घेतलंत तर त्यात 6 टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये 3 टक्के. वाढदिवसाला दोन पिशव्या फुल क्रीमच्या आणि एक टोन्ड घ्या, तेवढ्यानं पुरेसा मऊपणा येतो. सॉसला दाटपणा मैद्यातल्या स्टार्चमुळे येतो. तो दुधात गरम होऊन फुगतो आणि सगळं बांधून ठेवतो. क्रीमशिवायही पास्ता क्रीमी लागतो तो यामुळेच.

जाड बुडाचा गंज घ्या, पातळ ॲल्युमिनियमचा नको, दूध तळाला लागतं. मंद आचेवर लोणी वितळू द्या, फेस आला की मैदा घाला आणि सराट्यानं हलवत राहा. आधी ओलसर गोळा होईल, मग तो सैल होईल, बारीक फेसाळेल, आणि दोन-तीन मिनिटांत कच्च्या पिठाचा वास जाऊन बिस्किटासारखा वास यायला लागेल. तिथे थांबा. बेसनासारखा बदामी रंग येऊ द्यायचा नाही. सॉस पांढरा हवा, आणि मैदा जास्त भाजला की त्याची दाटपणा देण्याची ताकदही कमी होते. सासूबाई म्हणतील अजून थोडं, तेव्हा एवढं त्यांना सांगा.

मग गॅस अगदी बारीक करून फ्रिजमधलं थंड दूध अर्धी वाटी घाला. सगळं एकदम आवळून घट्ट गोळा होईल. इथे घाबरून बरेच जण सगळं दूध एकदम ओततात आणि गाठी होतात. तसं करू नका. तो गोळा घोटून गुळगुळीत करा, मग आणखी अर्धी वाटी, पुन्हा घोटा. तिसऱ्या-चौथ्या वेळी तो लापशीइतका सैल झाला की उरलेलं दूध धार धरून ओता. व्हिस्क नसेल तर घरची लाकडी रवी चालते, उंच गंजात तर ती जास्त चांगली फिरते. गरम मैद्यात थंड दूध घातलं की पिठाचे कण एकमेकांना चिकटायच्या आधी पसरतात, म्हणून गाठी धरत नाहीत. दूध तापवून साय धरलेलं असेल तर गाळून घ्या, सायीचे तुकडे सॉसमध्ये गाठींसारखे दिसतात.

आच मध्यम करा आणि तळ खरवडत हलवत राहा. उकळी फुटली की आच कमी करून पाच मिनिटं बुडबुडू द्या. हीच पाच मिनिटं दिवाळीत राहून गेली असावीत. सॉस दाट दिसला की आपण उतरवतो, पण दाट होणं आणि शिजणं वेगळं. चमचा बुडवून बाहेर काढा, मागच्या बाजूनं बोट फिरवा. रेघ दिसली पाहिजे आणि सॉस तिच्यात हळूहळू परत भरला पाहिजे. रेघ तशीच कोरडी राहिली तर दूध घाला.

कांदा-लसूण नसल्यानं काही बिघडत नाही. मूळ पांढऱ्या सॉसची चव जायफळावरच असते. पुरणात किसता तेच जायफळ, चार-सहा वेळा किसणीवर फिरवा, जास्त नको. दूध घालताना एक तेजपान टाका आणि शेवटी काढून घ्या. ताजी कुटलेली मिरी आणि चिमूटभर मोहरीची पूड घाला, मोहरीनं चीजची चव उठते. सगळ्यांसाठी हाच सॉस करा, सासूबाईंची वाटी वेगळी काढू नका. त्यांना वेगळं वाढलं की पदार्थ पुन्हा परका होतो. मीठ मात्र चीज घातल्यावर चाखून मगच घाला. लोणी खारं, चीज खारं, पास्ता मिठाच्या पाण्यात उकडलेला, त्यामुळे बहुतेक वेळा वरून मीठ लागतच नाही.

चीजबद्दल थोडं जास्त सांगते. बाजारात आपल्याला मिळतं ते दोन तऱ्हेचं. एक प्रोसेस्ड, क्यूब किंवा ब्लॉक. अमूलचा एक क्यूब 25 ग्रॅमचा असतो, 200 ग्रॅमच्या डब्यात आठ. हे सॉसमध्ये घालायचं, कारण त्यात विरघळायला मदत करणारे क्षार असतात, ते गुळगुळीत वितळतं. दुसरं मोझरेला, त्याच्या तारा सुटतात. ते सॉसमध्ये घातलं तर गोळा होऊन तळाशी बसतं, म्हणून ते फक्त वर पसरायचं. 200 ग्रॅम प्रोसेस्ड आत आणि 100 ग्रॅम मोझरेला वर, असा हिशेब ठेवा. आणि आतलं चीज गॅस बंद करून, सॉस दोन मिनिटं निवल्यावर, मूठ-मूठ घालून हलवा. उकळत्या सॉसमध्ये घातलं की चीजमधली प्रथिनं आवळतात, चरबी बाहेर पडते आणि सॉस रवाळ होतो. एकदा रवाळ झालेला सॉस पुन्हा गुळगुळीत करणं कठीण असतं. सासूबाई नेमानं शाकाहारी असतील तर पास्ता आणि चीज दोन्हींच्या पुड्यावरचं हिरवं चिन्ह बघून घ्या. काही पास्त्यांत अंडं असतं.

पास्ता पेने (नळीचा) किंवा फ्युसिली (पिळाचा) घ्या, म्हणजे आत-बाहेर सॉस धरून ठेवतो. पुड्यावर ड्युरम गव्हाचा रवा असं लिहिलेलं असलं पाहिजे. आपल्याकडे बन्सी रवा मिळतो तोही याच जातीच्या गव्हाचा. मैद्याचा स्वस्त पास्ता उकडताना ठीक वाटतो, पण ओव्हनमध्ये लगदा होतो. 500 ग्रॅमला पाच लिटर पाणी, पाणी खळखळून उकळल्यावर दोन मोठे चमचे मीठ. एवढा मोठा गंज नसेल तर दोन वेळा उकडा. पुड्यावर 11 मिनिटं लिहिली असतील तर नवव्या मिनिटाला उपसा. दाताखाली मधोमध किंचित कडक लागला पाहिजे, उरलेलं तो सॉसमध्ये शिजतो. पाण्यात तेल घालू नका, उपसल्यावर थंड पाण्यानं धुऊ नका. वरचा चिकटपणा धुतला की सॉस घसरून जातो. चाळणीत ओतण्याआधी त्या पाण्यातलं वाटीभर पाणी काढून ठेवा, सैल करायला दुधाऐवजी तेही चालतं.

भाज्यांत तुमची निवड चुकली. पत्ताकोबी आणि टोमॅटो दोन्ही ओव्हनमध्ये पाणी सोडतात, तळाशी साचलं होतं ते तेच. टोमॅटोला आंबटपणाही असतो, त्यानं दूध फाटण्याची भीती राहते. फेब्रुवारीत नागपुरात भाजीला तोटा नाही. जबलपूरकडचा मटर असतो, फुलगोबी असते, गाजर असतं. कॉटन मार्केटला पहाटे कुणी जाणारं असेल तर स्वस्त पडेल. मशरूम, ब्रोकोली किंवा पिवळी शिमला मिरची हवी असेल तर गोकुळपेठच्या बाजारात बघा. मी पंधरा माणसांसाठी हे घेईन: फुलगोबी, गाजर, फरसबी, मटर आणि थोडी शिमला मिरची. मुलींना आवडत असेल तर मक्याचे दाणे. दुधी, दोडकं, पत्ताकोबी नको.

सगळ्या भाज्या पेनेच्या नळीपेक्षा लहान चिरा, म्हणजे घासात बरोबर येतात. मटर आणि फरसबी मिठाच्या पाण्यात तीन-चार मिनिटं उकळा आणि पूर्ण निथळू द्या. फुलगोबी आणि गाजर पाण्यात घालू नका. रुंद कढईत चमचाभर तेलावर मोठ्या आचेवर परता, दोन खेपांत परता, कढई भरली की भाजी परतली न जाता वाफेवर शिजते आणि पाणी सुटतं. फुलगोबीच्या कडांना तपकिरी ठिपके आले पाहिजेत, ती चव पुढे सगळ्या पास्त्यात उतरते. मीठ अगदी शेवटी. शिमला मिरची एखादंच मिनिट. मशरूम घेतलीत तर तिचं पाणी सुटून पुन्हा आटेपर्यंत परता. आणि सगळ्या भाज्या ताटात पसरून दहा मिनिटं तशाच ठेवा, वाफ निघून जाऊ द्या. झाकून ठेवल्या तर तीच वाफ पाणी होऊन आत जाते.

ओव्हनबद्दल एक समज मोडायला हवा. पाऊण तास ठेवायचं कारणच नाही. पास्ता शिजलेला आहे, भाज्या शिजलेल्या आहेत, सॉस शिजलेला आहे. ओव्हनचं काम वरचं चीज वितळवून त्याला लालसर ठिपके आणणं आणि सगळं मिळवून आणणं, एवढंच. ओटीजी 200 अंशांवर, वरची-खालची दोन्ही कांडी लावून, दहा-बारा मिनिटं रिकामा तापू द्या. गरम पास्ता गरम सॉसमध्ये मिसळून भांड्यात ओता, थर दोन इंचांहून जाड नको. तुमचा ओटीजी लहान आहे, म्हणून एका मोठ्या भांड्याऐवजी दोन पसरट भांडी करा आणि एकामागून एक भाजा. दुसरं येईल तेव्हा पहिलं संपत आलेलं असेल. वर मोझरेला पसरा, त्यावर ब्रेडचा चुरा चमचाभर लोण्यात परतून भुरभुरवा. चुरा वाटीभर पुरे. बारा ते पंधरा मिनिटांत कडेनं सॉस बुडबुडायला लागेल. मग फक्त वरची कांडी लावून तीन-चार मिनिटं, आणि त्या वेळी दारासमोरून हलू नका, लाल व्हायला आणि करपायला मध्ये फार वेळ नसतो. बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवा. लगेच वाढला तर सॉस ताटात पळतो, दहा मिनिटांत तो बसतो.

भांडं काचेचं असेल तर ते ओव्हनमध्ये चालणारं आहे ना ते आधी बघा, फ्रिजमधून काढून सरळ तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवू नका आणि गॅसच्या आचेवर तर कधीच नाही, तडकतं.

हे उत्तर वाचणाऱ्यांत ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह आहे त्यांच्यासाठी: कन्व्हेक्शनचं बटण असेल तर त्यावर 200 अंशांत हेच सगळं होतं. नुसता मायक्रोवेव्ह असेल तर चीज वितळेल, रंग येणार नाही, आणि जास्त वेळ ठेवलं तर ते चिवट होईल. तेव्हा दोन-तीन मिनिटांतच काढा आणि तव्यावर खमंग परतलेला ब्रेडचा चुरा वाढताना घाला. काहीच नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिसळलेला पास्ता, वर चीज, घट्ट झाकण, खाली लोखंडी तवा आणि अगदी मंद आच, सात-आठ मिनिटं. वरून लाल होत नाही, पण चवीत कमी पडत नाही.

त्या दिवशी वेळेचं गणित असं ठेवा. सकाळी भाज्या चिरून, परतून, गार करून डब्यात. सॉसही सकाळीच करून ठेवता येतो, फक्त चीज न घालता. वर साय धरू नये म्हणून सॉसच्या अंगाला लागून लोण्याचा हात फिरवलेला बटर पेपर ठेवा आणि फ्रिजमध्ये टाका. पास्ता मात्र सकाळी उकडून सॉसमध्ये घालून ठेवू नका, संध्याकाळपर्यंत तो सगळा सॉस पिऊन बसेल. पाहुणे यायच्या तासभर आधी सॉस मंद आचेवर थोडं दूध घालून सैल करा, चीज घाला, त्याच वेळी पास्ता उकडा, मिसळा आणि पहिलं भांडं ओव्हनमध्ये. केक कापून होईपर्यंत ते तयार असेल. फेब्रुवारी आहे म्हणून संध्याकाळचं हे काम सुसह्य आहे. मे महिन्यात नागपुरात कुणी विचारलं असतं तर मी गॅसवरच करा म्हणाले असते.

पण थेट वाढदिवसाच्याच दिवशी करू नका. आधी एखाद्या रविवारी घरच्या पाच जणांपुरता करून बघा: 125 ग्रॅम पास्ता, 375 मिलिलिटर दूध, 20 ग्रॅम लोणी, मैद्याचे सपाट दोन मोठे चमचे, चीजचे दोन क्यूब आत आणि एका क्यूबइतकं मोझरेला वर, भाज्या दीड-दोन वाट्या. तुमच्या ओटीजीचा काटा खरा सांगतो का, तेही त्यात कळेल. लहान ओटीजी बरेचदा मागच्या बाजूला जास्त तापतात, तसं दिसलं तर भांडं मध्ये एकदा फिरवा.

त्या रविवारी मोठीला सोबत घ्या. ती बाहेरून मागवू म्हणाली ते तुमचं कमी लेखायला नसेल. दिवाळीला तिनं तुमचं उतरलेलं तोंड पाहिलं असणार, तुम्ही पुन्हा तशा दिवसातून जाऊ नये असं तिला वाटत असेल. तिला चीज किसायला द्या, भांडं तिरकं करून सॉस बघण्याचं काम तिच्याकडे द्या. नंतरही ती म्हणाली की मैत्रिणींना पिझ्झाच हवा, तर तोही मागवा, त्यानं तुमचा पास्ता कमी ठरत नाही. पण मला वाटतं ती म्हणणार नाही.

सोबतीला काय, हे तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते, कारण एवढ्या दुधा-चीजच्या पदार्थासोबत दुसरा दुधाळ पदार्थ ठेवला की जेवण जड होतं. खीर किंवा रबडी त्या दिवशी नको. फेब्रुवारीत मृग बहाराची संत्री यायला लागतात. फोडी सोलून, बिया काढून, काकडी आणि थोडं मीठ-मिरी घालून थंडगार वाडगाभर ठेवा. आणि घरात झणझणीत खाणारे असतीलच. त्यांच्यासाठी सॉस तिखट करू नका, मुलं आणि सासूबाई दोघांचीही पंचाईत होईल. भिवापुरी सुक्या मिरच्या तव्यावर किंचित गरम करून जाडसर कुटा, बिया थोड्या काढून टाका आणि वाटीत ठेवा. ज्याला हवी त्यानं वरून घ्यावी. पुडीतल्या चिली फ्लेक्सपेक्षा ती रंगानं आणि चवीनं कितीतरी चांगली. वर थोडा बारीक चिरलेला सांभार, म्हणजे कोथिंबीरही चालते, पण वाढताना, ओव्हनमध्ये जाऊन काळा पडू देऊ नका.

उरला तर दुसऱ्या दिवशी तो घट्ट झालेलाच असेल, फ्रिजमध्ये सॉस आवळतो. तुकडे मोकळे करा, वाटीभर पास्त्याला तीन-चार चमचे दूध शिंपडा, झाकण ठेवून मंद आचेवर गरम करा आणि मध्ये एकदाच हलवा. दोन दिवसांच्या आत संपवा.